एकशे सतरा नंबरचा आदर्श रुग्ण

मापकाकांना सरकारी इस्पितळानं ऑपरेशनच्या टेबलावरून तीनदा परत पाठवलं होतं, आणि तिन्ही वेळा चूक इस्पितळाचीच होती, असं त्यांचं ठाम मत होतं. डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टर हातमोजे घालून तयार, आणि ऐन वेळी सिस्टर दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघायची आणि म्हणायची, "एकशे शहाण्णव. उठा काका, घरी जा." घरी आल्यावर प्रेशर मुकाट्यानं खाली. म्हणजे आजार काकांना नसून त्या इमारतीला आहे, हे उघडच होतं. पण हे लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

मापकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू आणि कधीमधी इस्पितळांची मोजयंत्रंही तपासायची, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी डोक्यातला तराजू त्यांनी खाली ठेवला नव्हता. काकूंनी चहात साखर घातली की आतून आवाज यायचा, "चमचा सपाट होता की शिगेचा?" काकू उत्तर देत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी जे काही कमावलं होतं, त्यात हे उत्तर न देणं सगळ्यात मोलाचं होतं.

डावा डोळा तर आधीच नावाला उरला होता. आता उजव्यानंही दगा दिल्यावर काकांची फार पंचाईत झाली. जिन्यात टांगलेल्या कुणाच्या तरी रेनकोटला ते दोन दिवस नमस्कार करत होते. वर्तमानपत्र काकू वाचून दाखवायच्या, म्हणजे त्यांना आवडेल तेवढंच. महिनाभर काकांचा असा समज होता की जगात फक्त लग्नं मोडतात आणि टोमॅटो महागतात. दिवसा ते यावर हसायचे, पण एकटे असले की भिंतीला हात लावून चालायचे, आणि पायरी कुठं संपते ते बुटाच्या टोकानं चाचपायचे. हा माणूस आंधळं होण्याला मनापासून घाबरला होता. तेवढं मात्र त्यानं आपल्या रोजच्या नोंदवहीत कुठंही लिहिलं नाही.

अशा वेळी इस्पितळात ती योजना आली. आरोग्यसेवा आणि तीन तंत्रज्ञान कंपन्या यांनी हातात हात घालून ती काढली होती. सुरुवातीला फक्त हातात हात होते. नंतर ते एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोहोचले, पण ते पुढं येईलच. योजना अशी, की रुग्णाला घरी एक यंत्र द्यायचं. त्यानं दिवसातून दोनदा दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं. यंत्र प्रेशर मोजणार आणि आकडा आपोआप इस्पितळात पोहोचणार. चौदा दिवस आकडा नीट राहिला, की संगणक स्वतःच ऑपरेशनची तारीख देणार. इस्पितळाला घाबरणाऱ्यांसाठी इस्पितळानं काढलेली ही सोय ऐकून काकांना गहिवरून आलं.

यंत्रं वाटायला योजनेचा समन्वयक आला होता. समन्वयक म्हणजे काय हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं, पण गळ्यात ओळखपत्र होतं आणि शर्ट इस्त्रीचा होता. त्यानं काकांच्या हातात डबी ठेवली आणि म्हणाला, "आता तुम्ही एकशे सतरा नंबर. काळजी करू नका. आमचं यंत्र तुम्हाला ओळखतं, काका!"

"ओळखतं म्हणजे?"

"म्हणजे ते फक्त तुमचंच. तुमच्याशिवाय कुणाचं नाही."

हे वाक्य समन्वयकानं दोनशे जणांना ऐकवलं होतं, आणि एकशे नव्व्याण्णव जणांनी ते सोडून दिलं होतं. काकांनी ते धरून ठेवलं. सरकारी इमारतीत, सरकारी योजनेत, गळ्यात ओळखपत्र लावून माणूस बोलतोय, तेव्हा तो खरंच बोलत असणार, असं त्यांना वाटलं. चौतीस वर्षं दुकानदारांवर अविश्वास ठेवून उरलेला सगळा विश्वास त्यांनी सरकारसाठी राखून ठेवला होता.

यंत्राबरोबर एक पुस्तिका होती. काकूंनी पहिलं पान वाचून दाखवलं आणि "पुढं तेच ते आहे" म्हणून मिटली. पुढं तेच ते नव्हतं. पण एकवीस भाषांतल्या त्या बारीक अक्षरांतून काय आहे ते शोधणं हा काकूंचा छंद नव्हता.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. आकडा एकशे चाळीसच्या आसपास आला. काकू खूश झाल्या. काका मात्र अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "अगं, पण हे यंत्र बरोबर मोजतं कशावरून?"

"दवाखान्यानं दिलंय ना!"

"तराजू कुणीही देतो. तो खरा आहे की नाही ते तपासायचं असतं."

आता इथं सांगायला हवं की तराजू तपासायची एक रीत असते. ज्याचं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे अशी लहान, मध्यम आणि भारी वजनं त्यात टाकून बघायची. तिन्ही बरोबर आली तर तराजू खरा. काकांनी हीच रीत लावायचं ठरवलं. फक्त वजनांच्या जागी माणसं लागणार होती, आणि इमारतीत माणसांना तोटा नव्हता.

लहान वजन म्हणून तळमजल्यावरचा व्यायामशाळेचा मास्तर आला. तो इतका धडधाकट होता, की त्याचं वरचं प्रेशर शंभरापर्यंतही कधी जात नसे आणि हे तो सगळ्यांना सांगत असे. मध्यम वजन काकू. भारी वजन म्हणून वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्याची आत्या. तिचं प्रेशर कालच डॉक्टरांनी एकशे नव्वद मोजलं होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. काकांनी वहीत रकाने आखले. रेघा आता वाकड्या येत, पण आखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मास्तर अठ्ठ्याण्णव, काकू एकशे चोवीस, आत्या एकशे ब्याण्णव. यंत्र खरं निघालं. काका खुर्चीत मागं टेकले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटलं.

खरं म्हणजे इथंच थांबायला हवं होतं. पण आत्या ही बाई गप्प राहण्यासाठी जन्मलेली नव्हती. दुपारपर्यंत इमारतभर झालं की काकांकडे फुकट प्रेशर बघतात. समोरच्या मास्तरीणबाई आल्या. "सहज आले हो," म्हणत त्यांनी बाही वर केली. विमेवाला स्वतः आला आणि दंडाला पट्टा बांधल्या बांधल्या सल्ला देऊ लागला. "काका, डाव्या हाताचं बघत चला. उजव्याचं सरकारला जातं." म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारलं की तो विमा काढायला लावत असे. मास्तरीणबाईंनी काकूंना बजावलं, की मोजताना पाय जमिनीला टेकता कामा नयेत. मास्तर म्हणाला, टेकलेच पाहिजेत. शेवटी काकांनी एक पाय टेकवून आणि एक वर धरून मोजायची पद्धत काढली, आणि ती सगळ्यांना पटली.

दोन दिवसांत वहीत तेवीस माणसं झाली. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. शेजाऱ्याला दारातून परत कसं पाठवायचं? आणि यंत्र तर आपल्यालाच ओळखतं. बाकीच्यांचे आकडे ते कशाला पाठवेल?

यंत्रानं सगळे आकडे पाठवले होते. ते कुणालाच ओळखत नव्हतं. पट्ट्यात दंड आला की तो एकशे सतरा, एवढीच त्याची माणसांबद्दलची समज होती. त्यामुळं इस्पितळातल्या संगणकाला असं दिसलं, की एकशे सतरा नंबरचा रुग्ण सकाळी दहा वाजता जवळजवळ बेशुद्ध आहे, दहा वाजून चार मिनिटांनी त्याची नस फुटायच्या बेतात आहे आणि दहा वाजून नऊ मिनिटांनी तो लग्नाळू तरुणासारखा ठणठणीत आहे.

पाचव्या दिवशी फोन वाजला. काकूंनी उचलला. एक गोड, निर्जीव बाईचा आवाज म्हणाला, "एकशे सतरा, आपण आडवे व्हा. मदत येत आहे." काकू म्हणाल्या, "अहो, कुणीतरी तुम्हाला आडवं व्हायला सांगतंय." काका त्या वेळी पोस्टमनचं प्रेशर मोजत होते.

रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं जिना चढून आली आणि म्हणाली, "एकशे सतरा कोण?"

"मी. पण मला काही झालेलं नाही."

"असं सगळेच म्हणतात. आडवे व्हा."

"अहो, मी चालत येतो."

"चालता येणार नाही. एकशे सतरा आडवाच यायला पाहिजे असं लिहिलंय." त्यानं फोनवरचा फॉर्म दाखवला. त्यात रुग्ण बेशुद्ध, रुग्ण अर्धबेशुद्ध आणि रुग्ण मृत असे तीन पर्याय होते. रुग्ण बरा आहे असा पर्याय नव्हता. काकांना फॉर्मवर अर्धबेशुद्ध करून, पट्ट्यांनी बांधून, तीन मजले खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती. ज्यांनी कालच फुकट प्रेशर मोजून घेतलं होतं तेच लोक हळहळत होते. आत्या पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "स्वतःकडे लक्षच दिलं नाही हो त्यांनी, सगळं आमच्यासाठी!" काकांनी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवूनही फारसं दिसत नव्हतं, पण मिटलेले बरे वाटले.

इस्पितळात त्यांना अर्ध्या तासात सोडलं. पण संगणकानं तोवर आपलं काम चोख केलं होतं. एकशे सतरा अस्थिर, म्हणून ऑपरेशनच्या यादीतून नाव बाद. पुन्हा नाव घालायचं तर खिडकी क्रमांक चार. खिडकी चारनं सांगितलं, की नाव संगणकानं काढलंय, तेव्हा संगणकच घालेल. संगणक कुठं बसतो असं काकांनी विचारलं, तर समन्वयकाकडे बोट दाखवलं. समन्वयक म्हणाला, "माझ्या हातात काही नाही काका, मी फक्त समन्वय करतो. संयुक्त बैठकीला या."

संयुक्त बैठकीत आरोग्यसेवेचे मोठे साहेब होते आणि तीन कंपन्यांचे तीन प्रतिनिधी होते. एक यंत्रवाला, एक अॅपवाला. तिसऱ्याची कंपनी सगळी माहिती ढगात साठवते असं त्यानं सांगितलं, म्हणून काकांनी त्याचं नाव मनातल्या मनात ढगवाला ठेवलं. यंत्रवाला म्हणाला, यंत्रात दोष नाही, अॅपनं चुकीचं घेतलं असेल. अॅपवाला म्हणाला, यंत्र जे देतं तेच अॅप घेतं, ढगात गोंधळ झाला असेल. ढगवाला म्हणाला, आम्ही फक्त ठेवतो, आत काय आहे ते बघत नाही. हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मग तिघंही काकांकडे बघू लागले, कारण त्या खोलीत ज्याचं कंत्राट नव्हतं असा तो एकच माणूस होता.

काकांनी खिशातून वही काढली. "दोष कुणाचाच नाही," ते म्हणाले. "मी यंत्र तपासलं. तेवीस माणसांवर. पोस्टमन धरून चोवीस. यंत्र खरं आहे. फक्त ते मला ओळखत नाही. ओळखतं असं तुमच्या माणसानं सांगितलं होतं."

समन्वयक आपल्या ओळखपत्राकडे असा बघत होता, जणू त्यावर दुसऱ्याच कुणाचा फोटो आहे. मोठे साहेब बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. वरून पाहुणे येणार आहेत. दोनशे यंत्रांपैकी सगळ्यात जास्त वापर एकशे सतरानं केलाय." ते ढगवाल्याकडे वळले. "सगळ्याची सरासरी किती येते?"

ढगवाल्यानं बोटं चालवली. "एकशे बावीस, खाली एक्क्याऐंशी."

"आदर्श!" मोठे साहेब म्हणाले.

काकांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "साहेब, पण ते माप माझं नाही. ते कुणाचंच नाही. ते आत्याबाईंत मास्तर मिसळून आलेलं आहे."

"योजनेच्या दृष्टीनं ते तुमचं आहे."

"मी चौतीस वर्षं असली मापं जप्त केली, साहेब!"

मोठे साहेब चांगले माणूस होते. ते रागावले नाहीत. टेबलावर हात ठेवून अगदी घरच्यासारखं म्हणाले, "काका, डोळा करून घ्यायचाय ना?"

यावर काकांना जे बोलायचं होतं ते फार मोठं होतं. अनेक किराणा दुकानदारांना त्यांनी ते पूर्वी ऐकवलेलंही होतं. पण त्यांना जिना आठवला, बुटाच्या टोकानं चाचपलेली पायरी आठवली, आणि तोंड उघडेना. ज्या माणसानं पावशेरात गुंजभर फरक सोडला नाही तो माणूस खोटं माप समोर बघत मूग गिळून बसला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. साहेबांनी सही केली. तारीख मिळाली.

कार्यक्रमात काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की सरकार आणि तंत्रज्ञान एकत्र आले की माणूस निरोगी होतो. कसा होतो ते सांगितलं नाही. मग "आदर्श रुग्ण" म्हणून काकांना पुष्पगुच्छ आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं, आणि समन्वयकानं माइक तोंडाशी धरून म्हटलं, "दोन शब्द." काकांनी येताना ठरवलं होतं, की सगळं खरं सांगून टाकायचं. समोर नुसते पांढरे-काळे ठिपके दिसत होते. ठिपके टाळ्या वाजवत होते. काका म्हणाले, "यंत्र चांगलं आहे." आणि खाली बसले. हे खोटं नव्हतं. तेच त्यांना जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "काय लिहिलंय त्यावर?"

काकू चौकट हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिल्या. "तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात." आणि त्यांनी ती बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावली.

ऑपरेशनच्या दिवशी समन्वयक काकांना स्वतः दारापर्यंत घेऊन गेला. दाराशी मोठ्या सिस्टर होत्या. काकांना तीनदा परत पाठवणाऱ्या त्याच. समन्वयकानं त्यांच्यापुढं टॅबलेटची चकाकती पाटी धरली. "एकशे बावीस, एक्क्याऐंशी. संगणकानं फिट दिलाय."

"तो टीव्ही बाजूला घ्या," सिस्टर म्हणाल्या, आणि कपाटातून हातानं हवा भरायचं जुनं यंत्र काढलं. रबरी फुगा फुसफुसला. "एकशे चौऱ्याऐंशी."

"पण सिस्टर, प्रणालीत..."

"मग प्रणालीचा मोतीबिंदू काढा. तुम्ही बाहेर थांबा."

समन्वयक गेल्यावर सिस्टरनी काकांना बाकावर बसवलं. काकांना वाटलं, झालं, चौथ्यांदा घरी. आणि ते एकदम बोलायलाच लागले. तराजूंचं, वहीचं, चोवीस माणसांचं, माइकसमोर शेपूट घातल्याचं, सगळं सांगितलं. सिस्टर हसल्या नाहीत. फक्त आत्याचा विषय आला तेव्हा एकदा तोंड फिरवलं. "आंधळं व्हायची भीती वाटते हो," काका शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं.

"वाटणारच," सिस्टर म्हणाल्या. "बसा तासभर. कुणाशी बोलू नका." तासाभरानं फुगा पुन्हा फुसफुसला. "एकशे बेचाळीस. चला आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. पहिल्यांदा सिस्टरचा चेहरा दिसला. आवाजावरून वाटला होता त्याहून बराच थकलेला. मग त्यांच्या हातातलं यंत्र. त्याच्या पत्र्यावर, कडेला, झिजलेला एक शिक्का होता. काका वाकले. खात्याचं चिन्ह, वर्ष, आणि निरीक्षकाचा क्रमांक. तो क्रमांक त्यांनी चौतीस वर्षं रोज वापरला होता.

"सिस्टर, हा शिक्का माझा आहे."

सिस्टरनी यंत्र उलटं करून पाहिलं. "स्टोअरवाले दर वर्षी भंगारात मागतात," त्या म्हणाल्या. "मी देत नाही. खरं बोलतं ते."

घरी येऊन काका थेट बैठकीच्या खोलीत गेले आणि चौकटीपुढं उभे राहिले. वर तिन्ही कंपन्यांची चिन्हं होती. खाली आरोग्यसेवेचं. मध्ये मोठ्या अक्षरात: 'आदर्श रुग्ण – उपकरण क्रमांक ११७.' त्यांचं नाव कुठंच नव्हतं. फोटोखाली बारीक अक्षरात होतं, 'उपकरणासह वापरकर्ता.'

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "तुम्ही त्या दिवशी फार पडलेल्या तोंडानं आलात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तेवढं तरी असू दे."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंचे कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. हे कधी झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "चौकट काढून ठेव," ते म्हणाले, पण आवाज मऊ होता.

मग त्यांनी एकशे सतरा नंबरचं यंत्र घेतलं आणि चारी बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं. शिक्का कुठंच नव्हता. चौतीस वर्षं जो प्रश्न पहिला विचारला, 'शिक्का आहे का?', तो या वेळी विचारायचाच राहिला होता. त्यांनी यंत्रातल्या बॅटऱ्या काढल्या. त्यावर चिकटपट्टी लावून लाल शाईनं 'नामंजूर' लिहिलं आणि ते माळ्यावर टाकलं. मग साहेबांना आणि तिन्ही कंपन्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात काहीही लपवलं नाही, आत्याचं वजनही नाही. माझं आदर्श माप रद्द करावं, अशी मागणी शेवटी केली आणि सही केली. रेघेवर, सरळ. दुपारी स्वतः जाऊन पत्र टाकून आले. जिना उतरताना भिंतीला हात लावला नाही.

चार दिवसांनी सकाळी आठ वाजता फोन वाजला. काकू घ्यायला निघाल्या तसं काका म्हणाले, "थांब, आता मला दिसतं." त्यांनी चष्मा न लावता निरोप वाचला. एकदा मनात, आणि मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून:

"एकशे सतरा, आपली तक्रार मिळाली. आपलं आजचं माप एकशे बावीस, एक्क्याऐंशी. अभिनंदन!"